बोस्टनचा सोनार

श्रोतेहो, आपल्या जुन्या गांवगाड्यांत सोनाराचें स्थान मोठें चमत्कारिक होतें. तो बलुतेदारांच्या यादींत बसे. लग्नसराई आली म्हणजे त्याच्या दारांत गर्दी होई. आणि पुष्कळ ठिकाणीं गांवचा पोतदार या नात्यानें वसुलाचें नाणें खरें कीं खोटें हें पारखून देण्याचें कामहि त्याच्याकडेच असे. सरकारचा खजिना ज्याच्या डोळ्यांवर आणि बोटांवर विश्वास ठेवी, त्याची संगत मात्र धरूं नये अशी म्हण त्याच गांवानें करून ठेविली, आणि त्या म्हणींत शेजारच्या शिंप्यालाहि ओढलें. विश्वास आणि अविश्वास एकाच ओसरीवर नांदत होते असें म्हणावयास हरकत नाहीं.

धर्माच्या दरबारांत या कारागिरांना न्याय मिळाला. पंढरीच्या वाटेवर नरहरि सोनार, गोरा कुंभार, सांवता माळी हे संतांच्या पंगतीला बसले. नामदेव शिंप्यांचें जन्मगांव म्हणून मानलें जाणारें नरसी हें तर आपल्या परभणी जिल्ह्यांतलेंच होतें. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा झाला तेव्हां तें तिकडे गेलें. पण राजकारणाच्या दरबारांत काय? राज्यें उलथतात, नवीं राज्यें उभीं राहतात, त्या वेळीं हातोडी, कात्री आणि धोटा धरणारीं माणसें कोठें असतात? इतिहासाच्या पुस्तकांत राजे भेटतात, सेनापति भेटतात, वकील आणि वक्ते भेटतात. कारागीर क्वचितच भेटतो. हा प्रश्न मनांत धरून मी आज आपल्यापुढें एका परक्या देशांतील सोनाराचें चरित्र मांडणार आहें. त्याचें नांव पॉल रिव्हियर. त्याचा देश अमेरिका, गांव बोस्टन, आणि शत्रु? तो आपल्या चांगलाच ओळखीचा आहे.

पॉल रिव्हियरचा बाप जन्मानें फ्रेंच. फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांना धर्माच्या पायीं राहणें कठीण झालें होतें. त्यामुळें अपोलोस रिव्हवार नांवाचा हा मुलगा, वय अवघें तेरा वर्षें, एकटाच समुद्र ओलांडून बोस्टनला आला आणि जॉन कोनी नांवाच्या नामांकित सोनाराच्या हाताखालीं उमेदवारीला राहिला. बोस्टनच्या लोकांच्या जिभेला त्याचें नांव पेलेना, म्हणून त्यानें तें बदलून पॉल रिव्हियर असें केलें. हेंच नांव पुढें त्याच्या मुलाला मिळालें. मुलाचा जन्म १७३४ सालच्या अखेरीचा. थोडें लिहिणें-वाचणें शाळेंत झालें. बाकीचें शिक्षण बापाच्या ऐरणीवर. पोरवयांतच शेजारच्या चर्चची घंटा वाजविण्याचा करार त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं केला होता. त्या चर्चच्या मनोऱ्याशीं आपली पुन्हां गांठ पडावयाची आहे, तेव्हां तो मनोरा ध्यानांत ठेवावा.

१७५४ सालीं बाप वारला. पॉल त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता. आई, भावंडें आणि दुकान यांचा भार त्याच्यावर पडला. १७५६ मध्यें फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेंत तोफखान्यांतील धाकटा अधिकारी म्हणून तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूनेंच गेला होता, ही गोष्ट विसरतां कामा नये. बंडखोर कांहीं आकाशांतून पडत नसतात. बहुधा ते कालचे राजनिष्ठच असतात. परत आल्यावर त्यानें लग्न केलें. पहिल्या बायकोपासून आठ मुलें झालीं. ती १७७३ सालीं वारल्यावर दुसरी केली, तिच्यापासूनहि आठ. सोळा मुलांपैकीं कांहीं लहानपणींच गेलीं. एवढ्या मोठ्या कुटुंबाचें पोट हातोडीवर भरावयाचें, हें त्याच्या चरित्रांतील पहिलें आणि शेवटपर्यंतचें सत्य आहे.

हा सोनार मुख्यतः चांदीचें काम करी. चहाच्या किटल्या, पेले, वाडगीं, चमचे, बुटांचे बंद, असें त्याचें गिऱ्हाईकी काम असे. पण धंदा मंदावला म्हणजे तो हातावर हात ठेवून बसत नसे. तांब्याच्या पत्र्यावर चित्रें खोदून छापण्याचें काम त्यानें सुरू केलें. एका दंतवैद्याकडून शिकून तो लोकांचे पडलेले दांतहि बसवूं लागला. हस्तिदंताचा दांत घडवावयाचा आणि बारीक तारेनें तो शेजारच्या दांतांना बांधावयाचा, असें तें काम होतें. ज्याला तार ओढतां येते आणि डाग देतां येतो त्याला दांत बांधणें कठीण नाहीं, असा त्याचा सरळ हिशेब असावा.

आतां त्या मंदीचें कारण पाहूं. कारण तेथेंच राजकारण दुकानाची पायरी चढून आंत येतें. फ्रेंचांशीं झालेल्या युद्धाचें कर्ज इंग्लंडच्या डोक्यावर होतें. तें फेडण्याकरितां १७६५ सालीं पार्लमेंटनें वसाहतींवर स्टँपाचा कर बसविला. वर्तमानपत्र, करारपत्र, परवाना, सर्वांवर सरकारी छाप पाहिजे आणि छापाला पैसे पाहिजेत. वसाहतींचें म्हणणें असें, कीं ज्या पार्लमेंटमध्यें आमचा एकहि प्रतिनिधि नाहीं त्याला आमच्यावर कर लादण्याचा अधिकार नाहीं. पुढच्याच वर्षीं हा कर रद्द झाला. पण त्याच्या जागीं दुसरे आले. बोस्टनमध्यें ‘स्वातंत्र्याचे पुत्र’ या नांवाचा एक गट उभा राहिला. त्यांत व्यापारी व वकील होते, तसेच कारागीरहि होते. आणि रिव्हियर त्यांत होता.

त्याचें राजकारण त्याच्या हातांतून कसें उतरत होतें याचीं दोन उदाहरणें सांगतों. १७६८ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें इतर वसाहतींना एकजुटीचें पत्र पाठविलें. राजाचा हुकूम आला कीं तें परत घ्या. ९२ सभासदांनीं साफ नकार दिला. त्या नकाराच्या स्मरणार्थ पंधरा देशभक्तांनीं वर्गणी करून रिव्हियरकडून चांदीचें एक मोठें वाडगें घडवून घेतलें. हें वाडगें बोस्टनच्या ललितकला संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतें. राजाच्या मुकुटाची चांदी करणारे सोनार जगांत पुष्कळ झाले; राजाला नकार देणाऱ्यांचा मान चांदींत घडविणारा मात्र विरळा.

दुसरें उदाहरण इतकें निर्मळ नाहीं, आणि म्हणूनच तें सांगणें अवश्य आहे. ५ मार्च १७७० रोजीं बोस्टनच्या रस्त्यावर जमावानें इंग्रज शिपायांवर बर्फाचे गोळे व दगड फेकले. शिपायांनीं गोळ्या झाडल्या. पांच माणसें मेलीं. रिव्हियरनें या प्रसंगाचें चित्र तांब्यावर खोदून छापलें आणि तें वसाहतभर गेलें. चित्रांत शिपाई शिस्तीनें रांग धरून उभे आहेत, अधिकारी मागून हुकूम देत आहे, आणि समोरचे लोक निरुपद्रवी दिसतात. प्रत्यक्षांत तें असें व्यवस्थित घडलें नव्हतें. पुढें खटला चालला तेव्हां अधिकारी आणि बहुतेक शिपाई सुटले. त्यांचा वकील होता जॉन ॲडम्स, जो स्वतः देशभक्तांपैकींच असून पुढें अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. शिवाय चित्राची मूळ कल्पना हेन्री पेल्हम नांवाच्या तरुण चित्रकाराची. रिव्हियरनें ती त्याला न विचारतां उचलली, आणि पेल्हमनें त्याला संतापाचें पत्र लिहिलें. आपला नायक नाणें पारखणाऱ्यांच्या जातीचा. पण हें एक नाणें त्यानें स्वतःच हिणकस पाडलें. देशभक्तीच्या भट्टींत घातलें म्हणजे कोणतीहि धातु शुद्ध होते असें नव्हे.

त्याच सुमारास जॉन सिंगल्टन कॉप्ली या चित्रकारानें त्याचें तैलचित्र काढलें. त्या काळीं प्रतिष्ठित माणूस चित्रासाठीं बसे तो अंगरखा आणि केसांचा टोप घालून. रिव्हियर बसला तो साध्या पांढऱ्या सदऱ्यांत. एका हातांत चांदीची किटली, दुसरा हात हनुवटीला, आणि समोर मेजावर कोरण्या मांडलेल्या. आपल्या धंद्याची त्याला लाज नव्हती. बोस्टनच्या समाजांत हातानें काम करणाराला ‘मेकॅनिक’ म्हणत आणि त्या शब्दांत किंचित् तुच्छता असे. रिव्हियरनें ती तुच्छता पुसली नाहीं. त्यानें ती अंगावर मिरविली.

येथें, श्रोतेहो, कथेंत आपल्या ओळखीचा शत्रु येतो. ईस्ट इंडिया कंपनी १७७२ सालीं दिवाळखोरीच्या काठाला आली होती. प्लासीनंतर बंगालवर तिनें जो हात मारला त्याचा पैसा नोकरांच्या खिशांत गेला. १७७० च्या दुष्काळानें बंगाल उद्ध्वस्त झाला. आणि लंडनच्या वखारींत चीनहून आणलेला चहा खपावांचून पडून राहिला. कंपनीला तारण्याकरितां पार्लमेंटनें १७७३ सालीं दोन कायदे केले. एकानें हिंदुस्थानांतील तिच्या कारभाराला लगाम घातला. दुसऱ्यानें तिला आपला चहा थेट अमेरिकेंत स्वस्तांत विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त, पण त्यावरचा कर कायम. तो प्यावयाचा म्हणजे कर देण्याचें तत्त्व घोटाबरोबर गिळावयाचें. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं बोस्टनच्या लोकांनीं वेष पालटून तीन गलबतांवरील ३४२ पेट्या चहा समुद्रांत लोटला. रिव्हियर त्यांत होता असें मानलें जातें. त्यापूर्वीं गलबतावर पहारा करणाऱ्यांत तर तो होताच. आपल्याकडे त्याच वर्षीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादांच्या हातांतून कंपनीला पुण्याच्या राजकारणांत शिरावयास वाट मिळाली. एकाच कंपनीची दोन टोकें. एका टोकाला ती बुडविली जात होती आणि दुसऱ्या टोकाला घरांत घेतली जात होती.

चहा बुडाल्याची बातमी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथें पोंचविण्यासाठीं दुसऱ्याच दिवशीं घोड्यावर बसला तो रिव्हियर. येथून त्याचें दुसरें आयुष्य सुरू होतें. पेशवाईच्या कागदपत्रांत जासूद आणि काशीद जागोजाग भेटतात. राज्याचे दोर त्यांच्या पायांवर चालत. बोस्टनच्या बंडाचा जासूद हा सोनार झाला. १७७४ च्या जूनमध्यें इंग्रजांनीं शिक्षा म्हणून बोस्टनचें बंदर बंद केलें आणि शहरांत फौज आणून बसविली. त्या सप्टेंबरांत तो बोस्टनकरांचे ठराव घेऊन फिलाडेल्फियाच्या काँग्रेसला गेला. डिसेंबरांत पोर्टस्मथला जाऊन तेथील किल्ल्यांतल्या दारूगोळ्याकडे फौज येणार असल्याची सूचना दिली. आणि शहरांत सुमारें तीस कारागिरांची एक मंडळी त्यानें व त्याच्या मित्रांनीं जमविली. ती एका खानावळींत भरे, पाळीपाळीनें रात्रीं रस्त्यांवरून हिंडे आणि फौजेच्या हालचालींवर डोळा ठेवी. या मंडळींचीं खलबतें शत्रूला कळत असत. कारण त्यांच्या पुढाऱ्यांपैकीं डॉक्टर बेंजामिन चर्च हाच आंतून फितूर होता. फितुरीची ही गोष्ट आपल्याला निराळी समजावून सांगावयास नको.

आतां १८ एप्रिल १७७५ ची रात्र. इंग्रज सेनापति गेज यानें सुमारें सातशें शिपाई कंकॉर्ड गांवाकडे पाठविण्याचें ठरविलें. तेथें वसाहतवाल्यांनीं दारूगोळा सांठविला होता. वाटेवर लेक्सिंग्टन येथें सॅम्युअल ॲडम्स आणि जॉन हँकॉक हे दोन पुढारी उतरले होते. रात्रीं दहाच्या सुमारास डॉक्टर जोसेफ वॉरन यानें रिव्हियरला बोलावून निघावयास सांगितलें. तत्पूर्वींच वॉरननें विल्यम डॉज नांवाच्या चांभारकाम करणाऱ्या इसमाला खुष्कीच्या वाटेनें धाडलें होतें. कातडीं कमावणें हा त्याचा धंदा. दोन वाटा, दोन जासूद; एक पकडला गेला तर दुसरा पोंचावा.

पण दोघेहि पकडले गेले तर? त्याची तजवीज रिव्हियरनें दोन दिवस आधींच करून ठेविली होती. नदीपलीकडील चार्ल्सटाउनच्या मित्रांशीं त्याचा संकेत ठरला होता, कीं फौज खुष्कीनें निघाली तर चर्चच्या मनोऱ्यावर एक कंदील दिसेल आणि पाण्यानें निघाली तर दोन. लहानपणीं ज्याची घंटा वाजवावयास तो जात असे तोच हा मनोरा. चर्चचा नोकर रॉबर्ट न्यूमन आणि कप्तान जॉन पुलिंग यांनीं अंधारांत वर चढून क्षणभर दोन कंदील दाखविले. रिव्हियरला पलीकडे राहून ते कंदील पाहावयाचे होते अशी समजूत रूढ आहे, ती खोटी. कंदील त्याच्यासाठीं नव्हते. ते त्यानेंच दुसऱ्यांसाठीं लावविले होते.

मग दोन मित्रांनीं त्याला होडींतून नदीपार केलें. वाटेंत सॉमरसेट नांवाची इंग्रज लढाऊ नौका नांगर टाकून उभी होती आणि चंद्र नुकताच उगवत होता. पलीकडे मागून आणलेला घोडा तयार होता. सोनाराच्या मालकीचा घोडा त्या रात्रीं कामास आला नाहीं. अकराच्या सुमारास तो निघाला. थोड्याच अंतरावर झाडाखालीं दोन इंग्रज स्वार दिसतांच त्यानें घोडा वळविला आणि मेडफर्डच्या वाटेनें तो पुढें गेला. वाटेंत घराघराला त्यानें जागें केलें. मध्यरात्रीच्या सुमारास लेक्सिंग्टनला पोंचला तेव्हां दारावरचा पहारेकरी त्याला गडबड करूं नकोस, आंत माणसें निजलीं आहेत, असें म्हणाला. त्यावर रिव्हियरनें त्याला सांगितलें कीं लवकरच पुरेशी गडबड ऐकूं येईल, फौज निघाली आहे. ब्रिटिश आले अशी आरोळी त्यानें दिली असें जें म्हणतात तें खरें नाहीं. आणि ती त्या वेळीं कोणाला कळलीहि नसती, कारण तेथले लोक अजून स्वतःला ब्रिटिशच समजत होते.

अर्ध्या तासानें डॉज आला. दोघे कंकॉर्डकडे निघाले. वाटेंत सॅम्युअल प्रेस्कॉट नांवाचा तरुण डॉक्टर त्यांना मिळाला. पुढें इंग्रज स्वारांनीं त्यांना घेरलें. प्रेस्कॉट घोड्यासह दगडी गडगा ओलांडून पळाला आणि कंकॉर्डला बातमी पोंचविली ती त्यानें. डॉजहि निसटला, पण घोड्यावरून पडला. रिव्हियर पकडला गेला. डोक्याला पिस्तूल लावून त्याची जबानी घेतली. त्यानें निधडेपणानें सांगितलें कीं सारा मुलूख जागा झाला आहे. लांबून बार ऐकूं येऊं लागले तेव्हां स्वारांनीं त्याचा घोडा काढून घेऊन त्याला सोडून दिलें. तो पायींच लेक्सिंग्टनला परतला आणि हँकॉकच्या कागदपत्रांची पेटी सुरक्षित जागीं हलविण्यास हात लावूं लागला. पहांटे गांवच्या मैदानावर गोळ्यांचा पहिला आवाज झाला तो त्यानें पाठीमागें ऐकला. तेथें वसाहतीचे आठ लोक पडले. पण कंकॉर्डहून परततांना गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं आणि कारागिरांनीं वाटेच्या दोन्ही अंगांनीं इंग्रजांना असें भाजून काढलें कीं त्यांचे ७३ मेले आणि १७४ जखमी झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धास येथून आरंभ झाला.

या रात्रींत पराक्रम कोणता? माझ्या मतें घोडदौड हा नव्हे. ज्याचें ध्येय कंकॉर्ड होतें तो कंकॉर्डला पोंचलाच नाहीं. पराक्रम आहे तो योजनेचा. दोन जासूद, कंदिलांचा संकेत, पलीकडे तयार घोडा, प्रत्येक गांवांत कोणाचें दार ठोठवावयाचें याची माहिती, आणि तेथून पुढें निघणारे दुसरे स्वार, वाजणाऱ्या घंटा. एक कडी तुटली तरी सांखळी तुटूं नये अशी ती जुळणी होती. सांखळी जुळविणें हें सोनाराचें काम आहे, आणि प्रत्येक कडीचा डाग पक्का आहे ना हें पाहण्याची संवय त्याच्या बोटांत जन्मभराची असते.

युद्ध सुरू झाल्यावर रिव्हियरनें वसाहतीच्या नोटा खोदल्या. दारूची टंचाई होती म्हणून तो फिलाडेल्फियाला जाऊन दारूची गिरणी पाहून आला आणि त्या पाहणीवरून मॅसॅच्युसेट्समध्यें कँटन येथें गिरणी उभी राहिली. याच काळांतली एक हृदयद्रावक गोष्ट आहे. त्याला त्या रात्रीं धाडणारा डॉक्टर वॉरन १७ जून १७७५ रोजीं बंकर हिलच्या लढाईंत पडला व शत्रूनें त्याला तेथेंच पुरलें. इंग्रज शहर सोडून गेल्यावर १७७६ मध्यें मित्रांनीं ती जागा उकरली. परंतु देह ओळखणें अशक्य झालें होतें. तेव्हां रिव्हियर पुढें झाला. वॉरनला बसविलेला दांत त्यानेंच तारेनें बांधला होता. ती तार त्यानें ओळखली. आपल्या हातचें काम ओळखून मित्राचें प्रेत हुडकण्याची वेळ कोणत्याहि कारागिरावर न येवो.

आणि मग अपकीर्ति. १७७९ सालीं पेनॉब्स्कॉट येथें इंग्रजांचा तळ उठविण्यास वसाहतीचें मोठें आरमार गेलें, त्यांत तोफखान्याचा मुख्य म्हणून तो होता. मोहीम पार फसली. सारीं गलबतें गेलीं. सैन्य रानांतून पायीं घरीं आलें. त्याच्यावर हुकूम मोडल्याचा आणि भित्रेपणाचा आरोप आला. मध्यरात्रीचा तो वीर तीन वर्षें आपल्याच गांवांत डाग घेऊन वावरला. आपली लष्करी न्यायालयापुढें चौकशी व्हावी म्हणून त्यानें अर्जांमागून अर्ज केले. कसोटीवर घासलें गेल्यावांचून खरें सोनें ठरत नाहीं हें त्याला ठाऊक होतें. अखेर १७८२ मध्यें चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला.

युद्ध संपल्यावर पुष्कळ देशभक्त अधिकाराच्या खुर्च्यांवर बसले. रिव्हियर ऐरणीकडे परतला. १७८८ मध्यें त्यानें ओतशाळा काढली. साठीच्या उंबरठ्यावर, १७९२ सालीं, त्यानें पहिली घंटा ओतली. तिचा नाद फारसा स्वच्छ नव्हता असें समकालीनांचें म्हणणें आहे. तो ओततच राहिला आणि त्याच्या कारखान्यांतून पुढें शेंकडों घंटा बाहेर पडल्या. देश स्वतंत्र झाला तरी जहाजांच्या तळाला मढवावयाचा तांब्याचा पत्रा इंग्लंडहूनच आणावा लागे. हें परावलंबन त्याला खुपलें. १८०१ सालीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, त्यानें कँटन येथें तांबें लाटण्याचा कारखाना घातला. १८०२ मध्यें बोस्टनच्या राज्यसभागृहाच्या घुमटावर आणि १८०३ मध्यें कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेच्या तळावर त्याच्या कारखान्याचें तांबें चढलें. स्वदेशी हा शब्द त्याला माहीत नव्हता. वस्तु मात्र माहीत होती. कारागिरांच्या परस्परसाह्यासाठीं १७९५ मध्यें जी संस्था निघाली तिचा पहिला अध्यक्षहि तोच.

१० मे १८१८ रोजीं वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं तो वारला. त्यानंतर साडेतीन आठवड्यांच्या आंत, ३ जून १८१८ रोजीं, दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि मराठी राज्य संपलें. ज्या कंपनीचा चहा रिव्हियरच्या मित्रांनीं बुडविला तीच आपली धनी झाली. यॉर्कटाउनला १७८१ मध्यें अमेरिकनांना शरण आलेला कॉर्नवॉलिस पांच वर्षांत आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होऊन आला होता, हेंहि जोडीला आठवावें. असें कां घडलें याला कारणें अनेक आहेत. पण त्यांतील एक मला असें वाटतें, कीं बोस्टनच्या सोनाराला राज्य आपलें वाटत होतें. आपल्या गांवच्या सोनाराला राज्याचें फक्त नाणें पारखावयास मिळत होतें. अर्थात् तिकडेहि सारेंच उजळ होतें असें नाहीं. १७७० च्या गोळीबारांत मेलेल्यांपैकीं क्रिस्पस ॲटक्स हा काळ्या वर्णाचा होता; आणि जें स्वातंत्र्य मिळालें त्यांत दक्षिणेकडील लक्षावधि गुलामांना पाऊण शतकाहून अधिक काळ वांटा मिळाला नाहीं.

रिव्हियर मेला तेव्हां त्याच्याविषयीं छापून आलें तें एक सचोटीचा, यशस्वी कारागीर म्हणून. त्या रात्रीची कीर्ति मागाहून आली. १८६० सालीं, यादवी युद्ध तोंडावर आलें असतां, लाँगफेलो या कवीनें त्या दौडीवर कविता रचली. पुढच्या जानेवारींत ती छापून आली आणि शाळेंतल्या पोरांच्या तोंडीं बसली. कवितेंत रिव्हियर एकटाच धांवतो आणि कंकॉर्डला पोंचतोहि. डॉज गेला, प्रेस्कॉट गेला, होडी वल्हविणारे गेले, कंदील घेऊन मनोरा चढणारा न्यूमनहि अनामिक झाला. तीस कारागिरांच्या सांखळींतील एकच कडी उजळली आणि बाकीच्या काळोखांत राहिल्या.

येथें मला आपला परभणी जिल्हा आठवतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला तरी येथें निजामाचाच अंमल होता, आणि तो १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपला. त्यापूर्वीं कित्येक वर्षें ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमानें साधी सभा भरविणेंहि सरकारच्या मर्जीवर होतें. तशांत १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूरला भरलें, आणि परतूर तेव्हां याच जिल्ह्यांत होतें. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हिंदी संघराज्यांत सामील व्हा अशी हांक स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं दिली गेली आणि संस्थानांत ठिकठिकाणीं बंदी मोडून तिरंगा फडकला. पुढाऱ्यांचीं नांवें आपल्याला ठाऊक आहेत आणि तीं असावींतच. पण तो तिरंगा कोणी तरी शिवला असेल. कोणी तरी दिव्याची वात बारीक करून दाराची कडी काढली असेल. कोणी तरी बैलगाडीच्या गवतांत पत्रकें दडवून वऱ्हाडच्या हद्दीवरून आणलीं असतील. मुंबईंत १२ डिसेंबर १९३० रोजीं विलायती कापडाच्या मालमोटारीपुढें आडवा पडून प्राण देणाऱ्या गिरणीकामगार बाबू गेनूचें नांव तरी राहिलें. आपल्या जिल्ह्यांतल्या किती बाबू गेनूंचें, किती न्यूमन आणि डॉज यांचें नांव राहिलें आहे?

त्या पिढीचीं माणसें आतां फारच थोडीं उरलीं आहेत; त्यांचीं मुलें-नातवंडें मात्र आपल्या शेजारीं आहेत. सुताराच्या, शिंप्याच्या, लोहाराच्या घरांत आजोबांची एखादी गोष्ट अजून सांगितली जात असेल. ती कोणी कवि येऊन रचील याची वाट न पाहतां, आहे तशी, तिच्या हिणासकट, वहींत उतरवून ठेवणें हें आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या घरांचें काम आहे. रिव्हियरनेंहि वयाच्या उत्तरार्धांत त्या रात्रीची हकीकत एका इतिहाससंशोधकाला पत्रानें लिहून दिली होती. तें पत्र होतें म्हणूनच कवितेंतला रिव्हियर आणि खरा रिव्हियर आज आपल्याला निरनिराळे पारखतां येतात.